पोर्ट तीन

लांजेवार आणि ढोके वेगळे झाले
तेव्हा मला बोलावलं सगळ्यात शेवटी,
सुतार येऊन गेल्यावर.

कॉटन मार्केटच्या मागं, तिसरा मजला.
नागपूरचा मे. जिन्याचा कठडा धरवत नव्हता.
हॉलच्या मधोमध प्लायवूड उभं,
अजून फेविकॉलचा वास येणारं,
वर छताला हातभर कमी.
प्लाय पुरलं नाही की माप चुकलं, कोणी सांगेना.
कूलर लांजेवारांकडे गेला होता.
वाळ्याची हवा फळीवरून पलीकडे उतरत होती
आणि ढोके बाई ती घेत होत्या, न बोलता.

अशीलं वाटून झाली होती. कपाटंही.
शिपाई उमरेडकर दोन वाजेपर्यंत इकडे,
दोननंतर तिकडे.
राहिलं होतं इंटरनेट.
कनेक्शन दोघांच्या नावावर,
करार अकरा महिने बाकी, मोडला तर दंड.

‘अर्धं करून द्या जी,’ लांजेवार म्हणाले,
जसा काही मी बर्फाची लादी घेऊन आलो होतो.
‘त्यांचं मला दिसू नये, माझं त्यांना,’ बाई म्हणाल्या.
दोघंही बोलत होते माझ्याशी,
ऐकत होते एकमेकांचं.

मी समजावलं.
बाहेरून तार एकच येईल.
पोर्ट दोन यांचं, पोर्ट तीन तुमचं.
आतले पत्ते वेगळे, मधला रस्ता बंद.
बाहेरच्या जगाला मात्र
तुम्ही दोघं एकच दिसाल.
कुठंही जा, समोरच्याला वाटेल
एकाच घरून कोणी आलं.

‘याला इलाज नाही?’ बाईंनी विचारलं.
आहे, म्हटलं, त्याचे पैसे वेगळे पडतात.
त्यावर दोघंही गप्प झाले.

आठवडाभर मानेवाड्याहून, घरी बसून,
मी लॉग पाहत होतो.
पोर्ट तीनमधून दर थोड्या वेळानं एक हाक
पोर्ट दोनकडे जायची,
नियमाला धडकून तिथंच पडायची.
आधी वाटलं, चोरून पाहणं चाललंय.
तसं नव्हतं.
बाईंचा जुना कॉम्प्युटर प्रिंटर शोधत होता.
अकरा वर्षं ज्यावर त्यानं कागद काढले
तो आता फळीपलीकडे होता
आणि हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.
जाऊन नाव काढून टाकलं मी.
दोनशे रुपये घेतले. घ्यायला नको होते.

मग एकतीस जुलै, रिटर्नची शेवटची तारीख.
रात्री साडेअकराला लांजेवारांचा फोन,
आवाज चढलेला,
‘काऊन गा, चालूनच नाही राहिलं!
तिनंच ओढून घेतलं असंल सगळं.
माझी सात रिटर्नं बाकी आहेत.’

मी उघडून पाहिलं.
कोणी कोणाचं ओढत नव्हतं.
अर्ध्यात अर्धं, मी बांधून दिलं तसंच.
एकानं सोडलं तर दुसऱ्याला पूर्ण मिळतं,
ही सोय ठेवली होती मी,
सांगितली नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं.

अकरा एक्केचाळीसला पोर्ट तीन विझलं.
काम संपल्यावर मशीन एकेक करून झोपतात
तसं नव्हे. एकदम.
तार उपटल्यासारखं.
पोर्ट दोन भरून वाहायला लागलं.
बारा वाजून चार मिनिटांनी
पोर्ट तीन परत लागलं.

लाइट गेली म्हणावं, तर लाइट दोघांची एकच.
उंदीर असेल. पाय लागला असेल वायरीला.
तेवीस मिनिटं.
फळी हातभर कमी आहे, हे मात्र मला आठवत राहिलं.

सकाळी लांजेवारांनी पैसे पाठवले,
‘बरं जमवलं तुम्ही’ म्हणून.
मी काहीच जमवलं नव्हतं. पैसे ठेवले.

लॉग तीस दिवसांनी आपोआप पुसला जातो.
त्या दोन ओळी मी वहीत उतरवून घेतल्यात,
का, ते विचारू नका.

बिल अजून ‘लांजेवार अँड ढोके’ याच नावानं येतं,
बहुधा दोनच्या सुमारास.
उमरेडकर दारातून ते उचलतो
आणि जरा वेळ तिथंच उभा राहतो,
घड्याळाकडे बघत.